ढोलकीशेजारचा डान्स पॅड

आमच्या घरात पाय ही फार जपून वापरायची वस्तू होती. झाडूला पाय लावायचा नाही, सुपाला लावायचा नाही, वही-पुस्तकाला चुकून लागला तर तिथल्या तिथे वाकून नमस्कार करायचा, उंबरठ्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही. आणि कोपऱ्यात लाल फडक्यात गुंडाळून जी ढोलकी ठेवलेली असायची, तिच्या बाजूने जाताना तर आपल्याला पाय आहेत हेच विसरायचं. लहानपणापासून इतकं काय काय चुकवत चालायला शिकले, म्हणूनच मला नाचता येत नाही, असं मी एकदा आईला म्हटलं होतं. तिने भाजीतली पळी तशीच माझ्यावर उगारली होती, आणि अंबाडीच्या भाजीचा थेंब माझ्या शाळेच्या फ्रॉकवर पडला होता. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. पण खरं कारण आईला ठाऊक होतं, मलाही होतं आणि सगळ्या गावाला होतं. मला ताल नव्हता.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही गोष्ट खपून गेली असती. ताल नसलेली माणसं जगात सुखाने जगतात, लग्नं करतात, वरातीत हात वर करून नाचतातही. पण माझे बाबा म्हणजे सदुभाऊ ढोलकीवाले. चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या पुढे, तलावाच्या पाळीला लागून आमचं गाव. दीड-दोन एकर धान होतं, पण बाबांना कुणी धानावरून ओळखत नसे. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागतात, दंडारीचे नाच होतात, नाटकं होतात, आणि तेव्हापासून होळीपर्यंत बाबा घरी असले तर आई विचारायची, ‘बरं नाई काय?’ सदुभाऊ बसला की नाचणाऱ्याला पाय उचलावे लागत नाहीत, ते उचलले जातात, असं लोक म्हणत. मी सात वर्षांची असताना बाबांनी मला समोर बसवून टाळी द्यायला शिकवलं. मी टाळ्या खूप दिल्या. जिथे द्यायची ती जागा सोडून बाकी सगळीकडे दिल्या. बाबांनी आठ दिवस धीर धरला, नवव्या दिवशी ढोलकी फडक्यात गुंडाळली आणि आईला म्हणाले, “हिचे हात दुसऱ्या गावचे हाय.” रागावून म्हणाले असते तर मला चाललं असतं. ते अगदी शांतपणे, डॉक्टरने सांगावं तसं म्हणाले.

नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगला आमच्या बाईंनी आठ मुलींचा नाच बसवायला घेतला आणि मला मागच्या रांगेत उभं केलं. तीन दिवस त्यांनी मला सहन केलं. चौथ्या दिवशी टेप बंद करून सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अगं, सदुभाऊंची मुलगी ना तू?” बस, एवढंच. पोरी फिदीफिदी हसल्या. मग बाईंनी मला नदी केलं. म्हणजे निळ्या साडीचं एक टोक मी धरायचं, दुसरं रेखाने, आणि नाच चालू असताना मागे बसून ती साडी हलवायची. दोन दिवसांनी रेखा बाईंकडे तक्रार घेऊन गेली, की माझ्या बाजूची नदी उलटी वाहते. बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या मनाच्या वाईट नव्हत्या. एका पोरीची आई तिला आजोळी नेणार होती, जागा रिकामी होणार होती, म्हणून म्हणाल्या, “महिन्याने पुन्हा बघते तुला. तोवर नदी.”

गॅदरिंगला बाबा दरवर्षी पहिल्या रांगेत बसत. मानाचे पाहुणे म्हणून नारळ मिळायचा त्यांना. मला त्या पहिल्या रांगेसमोर साडी हलवत बसायचं नव्हतं. त्या आठ जणींत उभं राहून, बाबांच्या डोळ्यांदेखत, तालात नाचायचं होतं. इतकी साधी गोष्ट, पण तेव्हा तिच्यापायी मला भात गिळवत नव्हता, आणि आमच्या घरी तलावातल्या झिंग्यांचा रस्सा असताना भात न गिळणं म्हणजे दुखणं साधं नाही हे आईने ओळखलं.

उपाय मला ठाऊक होता. दिवाळीत भद्रावतीला वसंतामामाकडे गेले होते, तेव्हा मामेबहीण पिंकीकडे तो पाहिला होता. डान्स पॅड, म्हणजे जमिनीवर अंथरायची चौकोनी गादी, तिच्यावर चार बाजूंना चार बाण, गादीची वायर टीव्हीत. टीव्हीवर गाणं लागतं, खालून बाण वर सरकत येतात, आणि जो बाण वर पोचेल त्याच्यावर त्याच क्षणी पाय मारायचा. पाय पडला की टीव्हीत टाळी वाजते. बरोबर पडला तर टीव्ही ‘परफेक्ट’ म्हणतो, चुकला तर लाल अक्षरात ‘मिस’. पिंकी त्याच्यावर अशी उडत होती की मामी खाली गॅसवर चहा ठेवून वर येईपर्यंत तिचं एक गाणं पुरं व्हायचं. मी हे सगळं बाबांना सांगितलं. सांगताना एक चूक केली. घाईघाईत म्हणाले, “ताल शिकवते ते, बाबा. पायानं वाजवा लागते. चुकलं का सांगते.” बाबांनी त्यातले दोनच शब्द उचलले. ताल शिकवते, आणि वाजवा लागते. म्हणजे त्यांच्या लेखी ते वाद्य झालं. पुढचं सगळं महाभारत या एका समजुतीतून घडलं.

वाद्य आणायचं म्हणून बाबा चंद्रपूरला स्वतः निघाले. ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलायला जाताना घालायचे तोच धुतलेला पांढरा शर्ट घातला. आईने लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले, ते आम्ही बसमध्येच संपवले. दुकान एका बोळात होतं, टीव्ही, रेडिओ, कॅल्क्युलेटर, खेळण्यातल्या गाड्या, सगळं एकावर एक रचलेलं. दुकानदाराने तीन तऱ्हा दाखवल्या. एक पातळ, टेबलावर अंथरतात तसल्या प्लास्टिकचा, घडी केली की लुगड्यापेक्षा लहान. दुसरा जाड, आत फोम भरलेला. तिसरा लोखंडी पत्र्याचा, चौकटीत बसवलेला, तो त्याने कपाटातून काढलाच नाही. “वो आपके काम का नहीं भाऊ, वो हॉलवाले लोगों के लिए है,” म्हणाला.

बाबा स्टुलावर बसले, पातळ पॅड मांडीवर आडवा घेतला आणि कडेवर अनामिकेने टिचकी मारली. मग मधोमध थाप दिली. मग कान लावला. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

“आवाज कुठून येते याचा?” बाबांनी विचारलं.

“आवाज टीव्ही में से आता, भाऊ. ये तो सिर्फ दबाने का है.”

“म्हणजे पुडी इथी अन् आवाज तिथी?” बाबांनी डोळे बारीक केले. “मंग मधात उशीर होत असन.”

“अरे भाऊ, बिजली है! बिजली को क्या देर लगती?” दुकानदार हसला. मीही हसले, बाबांवर हसायची संधी रोज थोडीच मिळते. आज ते हसणं आठवलं की माझे कान गरम होतात.

पातळ पॅड बाबांनी नाकारला, कारण त्याच्या मधोमध, जिथे उभं राहायचं तिथेच, पिवळ्या केसांच्या एका बाईचं हसरं चित्र होतं. “हिच्या तोंडावर उभं राहाचं? ते काऊन?” दुकानदाराने पॅडची घडी घालून बाजूला ठेवली. मला मात्र मामाने बजावून ठेवलं होतं की पातळ पॅड घसरतो, गोळा होतो, नाचताना निम्मा वेळ तो सरळ करण्यातच जातो. त्यामुळे कारण काहीही असो, निकाल बरोबर लागला. राहिला फोमचा. त्याचे दोन नग होते. बाबांनी पहिला घेतला, डोळे मिटले आणि एकेक बाण अंगठ्याने हळूहळू दाबत गेले, ढोलकीची शाई तपासावी तसे. डाव्या बाणावर अंगठा थांबला. पुन्हा दाबला. “याचा डावा मेला हाय,” ते म्हणाले. दुकानदार म्हणाला, माल नवा कोरा आहे, सील तुमच्यासमोर फोडलं, हाताने दाबून असं कळतं का कुठे! बाबांनी अंगठा तिथेच ठेवला. शेवटी त्याने चिडून पॅड टीव्हीला लावला. वर, खाली, उजवा चालले. डावा मेलेला निघाला. त्यानंतर त्याने बाबांसाठी चहा मागवला आणि दुसरा नग स्वतःच त्यांच्या हातात दिला, “आप ही देखो.” तो चारी बाजूंनी जिवंत होता. “बेटी, पैर रखके देख ले,” दुकानदार मला म्हणाला. मी चप्पल काढली, तर बाबांनी मला मागे ओढलं. “इथी नाई. आधी पूजा तं होऊ दे.” मी मान हलवली. मला वाटलं, नवी सायकल आणली की हार घालतात, तेवढीच ती पूजा.

घरी आईने जमीन सारवून ठेवली होती. बाबांनी पाट मांडला, ढोलकी फडक्यातून काढली, तिच्या शेजारी पाटावर पॅड उलगडला. चारी बाणांवर हळद-कुंकवाची बोटं लावली, अक्षता टाकल्या, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडून पाणी शिंपडलं. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, पाय धुऊन आले, आणि पॅड पाटावरून उतरवून उजवा पाय उचलला.

“ए! काय करून राह्यली?”

“नाचून राह्यली, बाबा.”

“त्याच्यावर?” बाबांचा आवाज असा चढला की मी एका पायावर तशीच राहिले. “आत्ता कुंकू लावलं त्याले! वाद्याले पाय लावते काय? भैताड झाली काय?”

मी म्हटलं, बाबा, ते पायानेच वाजवायचं असतं, मी सांगितलं होतं. बाबा म्हणाले, सांगितलं असशील, पण तेव्हा ते दुकानात होतं, आता ते ढोलकीच्या बाजूला बसलं आहे. मी म्हटलं, मग नाचणारे पायात चाळ बांधतात, ती घुंगरं वाद्य नाहीत? याच्यावर बाबा जरा अडकले, मला वाटलं जिंकले मी. पण ते म्हणाले, “घुंगरू पायाच्या वर राह्यते. पाय घुंगराच्या वर नाई राहात.” आणि वर मोठ्या मनाने तोड काढून दिली, “हातानं वाजव.”

दोन दिवस मी हाताने नाचले. उकिडवी बसून, भाकरी थापावी तसे दोन्ही हात बाणांवर मारत. शेजारच्या सुमनकाकू कामधंदा सोडून बघायला आल्या आणि पदराने तोंड दाबून गेल्या. वसंतामामाने वाण्याच्या दुकानातल्या फोनवर विचारलं, “काय म्हणते, नाचते काय पोरगी?” तर आई म्हणाली, “नाचते. हातावर.” मामाला वाटलं, पोरगी सर्कशीत चालली.

तिसऱ्या दिवशी मी पॅडची घडी करून रडत बसले. पंधरा दिवसांवर बाईंची परीक्षा आली होती. आई चुलीशी होती. ती वादात पडणारी बाई नव्हे, बाबांच्या ढोलकीच्या कारभारात तर कधीच नाही. पण त्या दिवशी तिने भाताचं झाकण जरा जोरातच ठेवलं आणि तिथूनच बोलायला लागली.

“खळं करता तुमी. शेणानं सारवता. मधात मेढ गाडता, तिले हळद-कुंकू वाहता, नारळ फोडता. चप्पल घालून कोणाले आत येऊ देत नाई. हो का नाई?”

“मंग?” बाबा म्हणाले.

“मंग चार बैल आणता अन् दिवसभर त्याच्यावरच फिरवता. बैल मधात शेण टाकते, तेबी चालते. तवा नाई म्हणत तुमी, का पूजा केली, पाय लावू नका. माही पोरगी बैलापरस गेली काय?”

मी रडणं थांबवून बघत राहिले. बाबांनी एकदा ढोलकीकडे पाहिलं, एकदा पॅडकडे, मग अंगणाकडे, जिथून आमचं खळं दिसायचं. मळणी नुकतीच झाली होती, तणसाचा ढीग अजून तिथेच होता.

“खळ्यावर चप्पल चालत नाई,” ते शेवटी म्हणाले. “पाय धुवाचे. नमस्कार कराचा. मंग.”

कायदा पास झाला. तेव्हापासून प्रत्येक गाण्याआधी मी पॅडला वाकून नमस्कार करायचे, मग उडी मारायचे. गाणं दीड मिनिटाचं, दिवसाला तीस-चाळीस गाणी, म्हणजे तितकेच नमस्कार. इतका व्यायाम मी पुढे आयुष्यात केला नाही. आजही भाजीवाल्याच्या काट्याला चुकून पाय लागला तरी मी आपोआप वाकते.

आणि सांगते काय, मला यायला लागलं! पहिले दोन दिवस टीव्ही नुसता लाल. मग एखादं ‘गुड’. आठवड्याने मी सगळ्यात सोपं गाणं एकही मिस न होता पुरं केलं. बाण डोळ्यांनी धरायचा आणि तो वर पोचायच्या किंचित आधीच पाय सोडायचा, ही युक्ती मला सापडली होती. घरभर त्या पॅडच्या गाण्यांचा किचकिचाट, सारवलेल्या जमिनीवर माझ्या टाचांचा धप्प धप्प, आणि आईची ओरड, “पोपडे उडून राह्यले सारवणाचे!” मला वाटलं, झालं, हात दुसऱ्या गावचे असतील, पाय तरी आपल्या गावचे निघाले.

मग मला दुर्बुद्धी झाली. बाबा दारात बसून बघत होते, त्यांना म्हटलं, “बाबा, तुमी करा ना.” त्यांनी आढेवेढे घेतले, पाय धुतले, नमस्कार केला आणि धोतराचा सोगा खोचून पॅडवर उभे राहिले. सुमनकाकू होत्या, त्यांची सून होती, दोन पोरं होती. गाणं सुरू झालं. बाबांनी बाणांकडे धड पाहिलंसुद्धा नाही, मान हलवत, गाण्याच्या ठेक्यावर नेमके पाय टाकले. आणि टीव्ही म्हणाला, मिस. मिस. मिस. मिस. सबंध गाणं लालेलाल. शेवटी टीव्हीतला एक ढोल फुटला आणि खेळ संपला.

“काय म्हणते ते?” बाबांनी विचारलं.

मला काहीतरी गोड खोटं बोलता आलं असतं. पण चौदा वर्षांची होते, आणि सात वर्षांपूर्वीची टाळी माझ्या मनात होती. मी म्हटलं, “सगळं चुकलं म्हणते. ताल नाई म्हणते तुमाले.”

सुमनकाकूंची सून फस्सकन हसली. बाबाही हसले, पॅडला नमस्कार करून खाली उतरले. पण त्या दिवशी त्यांनी जवसाची चटणी परत मागितली नाही, आणि संध्याकाळी रियाजाला ढोलकी काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या गावचं नाटकाचं बोलावणं आलं, तर ‘अंग दुखते’ म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं. ज्याच्या हाताखाली पाच गावं नाचली, त्याला एका प्लास्टिकच्या गादीने नापास केलं होतं, आणि निकाल मी वाचून दाखवला होता. ते ‘ताल नाई’ तर टीव्ही म्हणालाही नव्हता. ते माझ्या पदरचं होतं. तेव्हा मला जी लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

त्या वर्षी लोडशेडिंग असं होतं की लाइन यायची पाहुण्यासारखी. परीक्षेच्या चार दिवस आधी वेळापत्रक बदललं आणि मी शाळेतून घरी यायचे, नेमकी तेव्हा लाइन जायला लागली. मी मेलेल्या टीव्हीसमोर पॅड अंथरून बसले. बाबा दारात होते. बऱ्याच वेळाने ते उठले, कोपऱ्यातून ढोलकी आणली, फडकं सोडलं.

“उभी राह्य,” म्हणाले. “तीन दिवस पाहून राह्यलो मी त्याले. तू पाय मारते, अन् टीव्हीत टाळी वाजते ते मागून वाजते. जराकच. पन मागून. म्हून तू आधीच पाय सोडते. शिकवलं त्यानं तुले घाई कराले.”

“म्हणजे, बाबा?”

“बहिरं हाय ते. उशिरा आयकते.” त्यांनी मांडीवर ढोलकी घेतली. “मी सांगतलं होतं त्या दुकानदाराले.”

मग ते वाजवायला लागले. बाईंच्या नाचातलंच गाणं, त्यांनी ते शाळेच्या भिंतीबाहेरून जाता-येता ऐकलं होतं, मला नदी केल्यापासून. हे मला तेव्हा कळलं. मी नमस्कार केला आणि पाय टाकायला लागले. सगळे पाय आधी पडत होते. बाबा थांबले.

“घाई नको करू,” ते म्हणाले. “ते बहिरं होतं. मी नाई. मले आयकू येते.”

मला तिथेच रडू फुटलं. बाबांनी रडू दिलं आणि वाजवत राहिले. रडता रडताच कधीतरी माझा पाय थापेवर पडला. डोळ्यांपुढे बाण नव्हता, टीव्ही काळा होता, पण पॅडच्या फोममधून ती थाप तळपायाला लागल्यासारखी वाटली. मग दुसरा पडला. मग पुन्हा चुकले, पुन्हा पडला. आईने दिवा लावून उंबरठ्याजवळ ठेवला आणि तिथेच डाळ निवडत बसली. चार दिवस आम्ही असंच केलं. लाइन आली तरी बाबांनी टीव्ही लावू दिला नाही.

परीक्षेच्या दिवशी सवयीने मी आधी वाकून जमिनीला नमस्कार केला. पोरी हसल्या, पण बाईंना वाटलं, मी रंगभूमीला वंदन करते आहे, आणि त्यांचं निम्मं मन तिथेच माझ्याकडे झुकलं. उरलेलं निम्मं मी नाचून मिळवलं. नदीचं माझं टोक दुसरीकडे गेलं.

गॅदरिंगला बाबा पहिल्या रांगेत होते, मांडीवर मानाचा नारळ. मी दुसऱ्या रांगेत, उजवीकडून दुसरी. दोन कडवी उत्तम गेली. तिसऱ्या कडव्याला सगळ्या सात जणी डावीकडे वळल्या आणि मी एकटी उजवीकडे. समोर रेखा, नदी धरून, तिचं तोंड आ वासलेलं. माझ्या डोळ्यांपुढे टीव्हीतली लाल अक्षरं चमकली. मग मी बाबांकडे पाहिलं. ते नारळावर बोटांनी ठेका धरून बसले होते, ढिम्म, काही झालंच नाही असे. मी त्या बोटांवर पाय टाकला आणि रांगेत आले.

घरी परत येताना तलावाच्या पाळीवर मी म्हटलं, “चुकली ना मी, बाबा.”

“एक डाव चुकली.”

“सगळ्याईनं पाह्यलं असन.”

“पाह्यलं असन. मंग? समेवर आली ना?” आणि जरा पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, “ते तुहं गादीवालं चुका मोजते. मी नाई मोजत. मी पाह्यतो का माणूस परत येते का नाई.” एवढं बोलणं बाबांच्या मानाने भाषणच होतं. नंतर घरापर्यंत ते नारळाचं काय करायचं याच्यावर बोलत राहिले. आईने त्याची चटणी केली.

त्या पॅडचा जीव पुढच्या पावसाळ्यात गेला, आधी उजवा बाण, मग सगळेच. आईला तो मिरच्या वाळवायला हवा होता, पण बाबांनी दिला नाही. पूजा केलेली वस्तू. तो घडी घालून ढोलकीच्या शेजारी राहिला, आणि दर दसऱ्याला दोघांची पूजा होत आली. आता माझं सासर चंद्रपूरला, गुडघा कुरकुरतो, पण दसऱ्याला मी गावी जातेच. बाबांना आता फारच कमी ऐकू येतं. मशीन कानात घालतात आणि थोड्या वेळाने काढून खिशात ठेवतात, ‘उशिरा आयकते’ म्हणतात. नाटकाची बोलावणी बंद झाली. ढोलकी मात्र सोडली नाही.

गेल्या दसऱ्याला पूजा झाली, आणि बाबांनी पॅड जमिनीवर अंथरला. भेगाळलेला, बाणांचा रंग उडालेला. मला खुणेने म्हणाले, उभी राह्य. मी पाय धुतले, नमस्कार केला. ते माझ्या पायांकडे बघून वाजवत होते. जसा माझा पाय पडेल, तशी थाप. ऐकू येत नव्हतं, म्हणून टक लावून बघत होते, मी बाणांकडे बघायचे तसे. मी मुद्दाम टाच जोरात टाकत होते. मधेच एकदा त्यांचा हात राहिला, एक थाप गेली, मग हात धावत आला आणि पायाला मिळाला. गाणं संपल्यावर मी हसून एक बोट वर केलं, एक चुकली, बाबा.

त्यांनी ते बोट पाहिलं, ढोलकीवर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, “मंग? समेवर आलो ना?”